डॉक्टरीच्या प्रवेशाचा अदमास

वैशाख सरतो, पांझरेच्या पात्रात वाळूखेरीज फारसे काही उरत नाही, आणि मृगाच्या पहिल्या सरीकडे डोळे लावून बसलेल्या धुळे शहरात कित्येक घरांतून आणखी एका गोष्टीची वाट पाहणे सुरू होते. ही वाट असते 'नीट' ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या वैद्यकीय प्रवेश-परीक्षेच्या निकालाची. परीक्षेस हे नाव ज्यांनी दिले त्यांच्या ध्यानात त्याचा मराठी अर्थ नसावा. कारण हिचा निकाल लागल्यावर घराघरांतून जी चर्चा चालते, तीत नीट असे फार थोडे असते.

ज्यांना उत्कृष्ट गुण पडले त्यांच्याविषयी आम्हांस येथे काही लिहावयाचे नाही. त्यांच्या घरी पेढे वाटले जातात व पुढचा मार्ग त्यांस दिसत असतो. ज्यांना अगदीच अल्प गुण पडले त्यांचाही प्रश्न, कटु असला तरी, एका परीने सुटलेलाच असतो. खरी कुचंबणा होते ती मधल्यांची. दार लागलेले आहे की नुसते लोटलेले आहे, हे ज्यांस कळत नाही, त्यांची. अशा एका मुलीच्या घरी २०२५ च्या जून महिन्यात आम्हांस जाण्याचा प्रसंग आला. तेथे जे पाहिले व ऐकले, त्यावरून आमच्या वाचकांस काही उपयोग होईल असे वाटल्यावरून हे लिहीत आहोत.

धुळे शहरात ज्या गल्ल्या आकड्यांनी ओळखल्या जातात त्यांपैकी एकीत हे घर आहे. घरातील वडील माणूस म्हणजे नाना. हायस्कुलात तीस वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेले. थोरले चिरंजीव वकील, धाकटे एका पतसंस्थेत नोकरीस, आणि दोन्ही बिऱ्हाडे अद्याप एका चुलीवर जेवणारी. मुलगी धाकट्यांची. बारावी झाल्यावर २०२४ साली तिने प्रथम ही परीक्षा दिली, तेव्हा तिला ७२० पैकी ४९२ गुण पडले होते. तेवढ्यावर भागणार नाही असे दिसल्यामुळे तिला वर्षभर लातुरास ठेविले. २०२५ साली पुन्हा परीक्षा झाली, आणि १४ जून रोजी निकाल लागला तो ४३१ गुणांचा.

आम्ही गेलो तेव्हा निकालास तीन दिवस झाले होते. घरात सुतक असावे तशी शांतता होती. वकीलसाहेबांनी आम्हांस बसावयास सांगितले आणि बसताक्षणीच म्हणाले, "एक वर्ष, दोन लाख रुपये आणि एकसष्ट गुण. तिन्ही गेले." नाना पंचांग उघडून बसले होते, परंतु त्यांचे लक्ष त्यात नव्हते. मुलगी माजघरात होती. ती बाहेर आली नाही.

आम्ही निकालाचा कागद पाहावयास मागितला. गुणांचा आकडा सर्वांस पाठ होता. परंतु त्याच कागदावर खाली जो अखिल भारतीय क्रमांक छापलेला असतो, तो मात्र कोणीच नीट पाहिला नव्हता. आदल्या वर्षीचा कागद कपाटातून काढविला व दोन्ही शेजारी ठेविले. २०२४ साली ४९२ गुणांवर मुलीचा क्रमांक सव्वादोन लाखांच्या जवळपास होता. २०२५ साली ४३१ गुणांवर तो दीड लाखाच्या थोडा पलीकडे होता. गुण एकसष्टांनी उतरले, आणि क्रमांक सुमारे सत्तर हजारांनी वर चढला! ज्या मुलीशी तीन दिवस घरात कोणी मोकळेपणाने बोलले नव्हते, ती एका वर्षात सत्तर हजार विद्यार्थ्यांना मागे टाकून आली होती.

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लाविला आणि दोन्ही कागद स्वतः वाचले. मग म्हणाले, "गणिताच्या मास्तराच्या घरात हे व्हावे!"

ह्यात नानांचा दोष थोडाच आहे. गुण म्हणजे मोजमाप, आणि मोजमापाची पट्टी दरवर्षी तीच असते, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. परंतु ह्या परीक्षेची पट्टी रबराची आहे. २०२४ साली प्रश्न तुलनेने सोपे होते. पूर्ण ७२० गुण मिळविणारे प्रथम ६७ निघाले, आणि उत्तरांविषयीचे वाद न्यायालयात जाऊन यादी पुन्हा लाविल्यावरही १७ उरले. त्या वर्षी ६५० वा त्याहून अधिक गुण मिळविणारे सुमारे तीस हजार होते. २०२५ साली पत्रिका, त्यातही पदार्थविज्ञानाची, इतकी अवघड निघाली की देशात पहिला आलेल्या उमेदवारासही ६८६ गुण पडले, आणि ६५० च्या वर जाणारे शंभरही नव्हते. म्हणजे २०२४ सालचे ६५० गुण हे एका मोठ्या गर्दीतले स्थान होते, आणि २०२५ साली तेच गुण मिळविणारा जवळजवळ देशाच्या शिरोभागी बसत होता. तेव्हा शेजारच्या मुलास मागील साली इतक्या गुणांवर अमुक महाविद्यालय मिळाले, हे वाक्य जेथे कानी पडेल तेथे त्याचा क्रमांक किती होता एवढेच विचारावे. गुण सांगणारे शंभर भेटतात, क्रमांक सांगणारा एखादा.

दुसरा असाच घोटाळा 'पात्र' ह्या शब्दाने होतो. निकाल लागला त्या दिवशी ह्या घरी एका आप्तांचा अभिनंदनाचा निरोप आला होता. कारण मुलीच्या कागदावर ती पात्र ठरल्याचे लिहिले होते. सर्वसाधारण वर्गाकरिता परीक्षेस बसलेल्यांच्या निम्म्याहून पुढे असणे, एवढाच ह्या पात्रतेचा अर्थ. २०२५ साली ती रेषा १४४ गुणांवर पडली. २०२४ साली १६२ वर आणि २०२२ साली ११७ वर पडली होती. २०२५ साली २२ लाखांहून अधिक मुले बसली व १२ लाख ३६ हजारांवर पात्र ठरली. देशातील एम. बी. बी. एस.च्या सर्व जागा, शासकीय व खासगी मिळून, तेव्हा सव्वा लाखाच्या आसपास होत्या. म्हणजे पात्र ठरलेल्या दहांपैकी एकास जागा. नऊजणांच्या घरी मात्र पात्रतेचे पेढे वाटले जातात, आणि पुढे महिनाभर हा मुलगा पात्र असूनही त्यास कोणी का घेत नाही, ह्या विचाराने वडीलधारी माणसे कष्टी होतात.

नानांचे म्हणणे असे पडले, की पूर्वी असे नव्हते. त्यांच्या लहानपणी त्यांच्याच गल्लीत एक एल. सी. पी. एस. डॉक्टर होते. मॅट्रिकला त्यांस फार मोठे गुण नव्हते असे सारे गाव म्हणे, आणि तरीही अर्धे धुळे त्यांच्या औषधाने बरे होत असे. ही गोष्ट खरी आहे, आणि ती का खरी होती हे समजून घेण्यासारखे आहे. ब्रिटिश अमदानीत डॉक्टर दोन प्रकारचे होते. विद्यापीठाची पदवी घेतलेले एम. बी. बी. एस. थोडे; त्यांच्याकरिता मुंबईस १८४५ साली निघालेले ग्रँट मेडिकल कॉलेज होते. दुसरे, मॅट्रिक होऊन वैद्यकीय शाळेत चार वर्षे शिकून परवाना मिळविणारे. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल. सी. पी. एस. ही परीक्षा ह्या दुसऱ्या जातीची. पुण्याची बै. जे. वैद्यकीय शाळाही अशीच. तिचे महाविद्यालय झाले ते १९४६ साली. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या तोंडाशी पाटी लावून बसणारा डॉक्टर बहुधा ह्या परवानाधारकांतला असे. १९४६ सालीच भोर समितीने आपला अहवाल दिला व देशात एकाच दर्जाचा, पदवीधर डॉक्टर असावा असे ठरविण्याची शिफारस केली. पुढील वर्षांत परवान्याचे अभ्यासक्रम बंद पडत गेले. समितीचा हेतू उत्तम होता, आणि खेड्यातील रोग्यास शहरातील रोग्याहून कमी शिकलेला डॉक्टर का मिळावा, ह्या प्रश्नास उत्तर नाही. परंतु मध्यम गुणांच्या होतकरू मुलाकरिता जी एक दिंडी उघडी असे ती त्या दिवसापासून लागली, हेही तितकेच खरे.

त्यानंतर खानदेशातील मुलास डॉक्टर व्हावयाचे तर मुंबई, पुणे, नाही तर १९५६ पासून औरंगाबाद गाठावे लागे. धुळ्यास शासकीय महाविद्यालय निघावयास १९८० चे दशक संपत यावे लागले. श्री भाऊसाहेब हिरे ह्यांच्या नावाने आज चक्करबर्डीस उभे आहे ते हेच. पाठोपाठ शहरात एक खासगी महाविद्यालयही झाले. जळगावचे शासकीय महाविद्यालय २०१८ साली व नंदुरबारचे २०२० साली सुरू झाले. तेव्हा नाना म्हणतात तशी दारे कमीच झाली असे नव्हे. दारे वाढली, परंतु दारावरची माणसे त्याहून वाढली. आणि आता धुळ्याच्या दारावर केवळ धुळ्याची माणसे उभी नसतात.

ह्या शेवटच्या वाक्याचा खुलासा केला पाहिजे, कारण त्यात कित्येकांचा अदमास चुकतो. वकीलसाहेबांच्या थोरल्या मेहुण्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी डॉक्टरीस लागला. त्याच्या अनुभवावर ह्या घराचा सारा भरवसा होता. परंतु तेव्हा राज्यात सत्तर-तीसचा नियम होता. विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र असे तीन भाग पाडून प्रत्येक भागातील सत्तर टक्के जागा त्याच भागातील मुलांना दिल्या जात. २०२० च्या सप्टेंबरात तो नियम रद्द झाला, आणि तेव्हापासून साऱ्या महाराष्ट्राची एक यादी लागते. आता नांदेडची मुलगी धुळ्यास येते व धुळ्याचा मुलगा गोंदियास जातो. आदल्या पिढीचा अनुभव, इतकेच काय, पाचसात वर्षांपूर्वीच्या भावंडाचा अनुभवही, ह्या बाबतीत जुन्या पंचांगाइतकाच उपयोगी.

मग खरा अदमास करावा कसा? आम्ही नानांनाच वही घ्यावयास सांगितले. आकड्यांच्या कामी त्यांच्यावाचून दुसरा अधिकारी पुरुष त्या घरात नव्हता. राज्याचा सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष दरवर्षी प्रत्येक फेरीनंतर निवड-याद्या प्रसिद्ध करतो. कोणत्या महाविद्यालयात, कोणत्या वर्गातून, कितव्या क्रमांकाचा उमेदवार घेतला, हे त्यांत दिलेले असते. नानांनी मागील वर्षाच्या पहिल्या व अखेरच्या अशा दोन फेऱ्यांच्या याद्या घेतल्या व प्रत्येक महाविद्यालयापुढे दोन आकडे मांडले: पहिल्या फेरीत शेवटचा घेतलेला क्रमांक, आणि अखेरच्या फेरीत शेवटचा घेतलेला. ह्या दोहोंत अंतर पडते, कारण पहिल्या फेरीत जागा मिळविलेली कित्येक मुले अखिल भारतीय वाट्यातून अन्यत्र जातात, कोणी मागे फिरतात, आणि यादी खाली सरकते. ज्याचा क्रमांक पहिल्या आकड्याच्या आत आहे त्याने निश्चिंत असावे. जो दोन आकड्यांच्या मध्ये आहे त्याने आशा धरावी, परंतु दुसरी सोयही पाहून ठेवावी. दुसऱ्या आकड्याच्याही फार पलीकडे जो आहे, त्याने त्या महाविद्यालयाचे नाव घरात काढू नये.

ही तीन पाने भरावयास नानांस दोन संध्याकाळी लागल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी शासकीय महाविद्यालयांच्या पानावर आडवी रेघ मारली.

त्या वेळी बैठकीत जे बोलणे झाले ते आमच्या बहुतेक वाचकांच्या परिचयाचे असेल. शंभर जागांचे शासकीय महाविद्यालय धरले, तर पंधरा जागा अखिल भारतीय वाट्यास जातात. उरलेल्या पंचाऐंशींतून निरनिराळ्या वर्गांच्या राखीव जागा वजा केल्या, तर खुल्या गुणवत्तेवर पंचविसांच्या आसपास उरतात. वकीलसाहेब ह्यावर बराच वेळ बोलले. आम्ही ऐकून घेतले, आणि नंतर नानांना एवढेच विचारले, की राखीव जागा घटकाभर मुळीच नाहीत असे समजा. साऱ्या देशातील शासकीय जागा साठ हजारांच्या आतबाहेर आहेत. दीड लाखापलीकडचा क्रमांक तेथपर्यंत पोहोचतो काय? नानांनी वहीकडे पाहिले व मान हलविली. रागास हवा तेवढा वाव आहे. परंतु ज्या घराला ऑगस्टपूर्वी निर्णय करावयाचा आहे, त्याने आधी वजाबाकी करावी हे बरे.

आणि गंमत अशी, की ज्या सवलतीवर ह्या मुलीचा खरोखरच हक्क होता, तिचा कागद घरात कोणी काढलाच नव्हता. खुल्या वर्गातील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत आहे, त्यांच्याकरिता दहा टक्के जागा आर्थिक दुर्बल घटक ह्या नावाने राखलेल्या असतात. एकत्र कुटुंबात येथे नेहमी गैरसमज होतो. केंद्राच्या नियमात कुटुंब म्हणजे उमेदवार, त्याचे आईबाप व अठरा वर्षांखालील भावंडे (उमेदवार विवाहित असल्यास पतीपत्नी व अज्ञान मुले). काकांची वकिली किंवा आजोबांच्या नावची शेती त्यात धरली जात नाही. चूल एक असली तरी हिशेब वेगळा. केंद्राच्या दाखल्यास पाच एकर शेती, मोठे घर इत्यादी आणखी काही अटी आहेत. राज्याचा नमुना निराळा असतो. आणि दाखला चालू आर्थिक वर्षाचा लागतो. हे सारे आम्ही सांगत असता नानांचा चेहरा उतरला. "आपल्या घराने स्वतःस दुर्बळ म्हणवून घ्यावयाचे?" असे ते म्हणाले. त्यावर मुलीच्या आईने, जी तोपर्यंत दारातच उभी होती, प्रथमच तोंड उघडले. ती म्हणाली, "महिनाअखेरीस मला ठाऊक असते ना, नाना." दुसऱ्या दिवशी धाकटे चिरंजीव तहसील कचेरीत गेले.

अधिवासाचाही एक मुद्दा येथेच सांगून टाकतो, कारण धुळे हे गुजरात व मध्यप्रदेश ह्यांच्या हद्दीजवळचे गाव. राज्याच्या पंचाऐंशी टक्क्यांत यावयाचे तर दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातील संस्थांतून झालेली असावी लागते. अपवाद आहेत, पण थोडे. मुलास सुरतेस, इंदुरास किंवा कोट्यास शिकवणीकरिता ठेवून बारावीही तिकडचीच केली, तर क्रमांक कितीही चांगला आला तरी हा वाटा हातचा जातो. हे कळते तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो.

शासकीय पानावर रेघ पडल्यावर खासगीचे पान उघडले. तेथे मुलीचा क्रमांक दोन-तीन ठिकाणी दुसऱ्या आकड्याच्या काठावर येत होता. नानांचा जीव भांड्यात पडला. साक्रीच्या रस्त्याला त्यांची तीन एकर जमीन आहे. ती विकून टाकावी आणि नातीला डॉक्टर करावी, असे त्यांनी त्याच संध्याकाळी जाहीर केले. हा क्षण अवघड होता. आजोबांच्या मायेपुढे हिशेब मांडणे कोणासच शोभत नाही. परंतु वही त्यांचीच होती. वर्षास आठ लाख धरले, तर साडेचार वर्षांचे छत्तीस लाख. वसतिगृह, खानावळ व पुस्तके निराळी. आणि हे सारे करून हाती येते ती पहिली पदवी. पुढील पदव्युत्तर शिक्षणाची परीक्षा व तिचा खर्च अजून राहिलाच. जमिनीवर थोरल्यांच्या दोन मुलांचाही हक्क आहे, ही गोष्ट कोणी बोलले नाही. पण काकू उठून आत गेल्या, त्यावरून ती सर्वांस आठवली असावी. एकत्र कुटुंबात एका मुलाच्या महत्त्वाकांक्षेचा खर्च सर्वांच्या ताटातून निघतो, आणि म्हणूनच तो सर्वांनी मिळून, मोठ्याने बोलून ठरवावा. मनात ठेवून दिलेली संमती पुढे पंधरा वर्षे खुपत राहते.

ह्याच सुमारास एका गृहस्थाचा दूरध्वनी आला. काही रक्कम आगाऊ दिल्यास संस्थेच्या वाट्यातील जागा 'पक्की' करून देतो, असे त्याने सांगितले. वाचकांनी हे ध्यानात ठेवावे, की खासगी महाविद्यालयातील संस्थेच्या वाट्याची जागाही नीटमध्ये पात्र ठरलेल्या उमेदवारासच व नियमाने लागणाऱ्या यादीतूनच मिळते. यादी लागण्यापूर्वी जागा पक्की करणारा मनुष्य त्याच्या हाती नसलेली वस्तू विकीत असतो. वकीलसाहेबांनी त्यास जे उत्तर दिले ते छापण्याजोगे नाही. त्या दिवसापुरते त्यांचे वक्तृत्व सत्कारणी लागले.

परदेशचा विचार मुलीच्या वडिलांनी केला होता. रशिया, जॉर्जिया, किर्गिझस्तान इत्यादी देशांत खर्च एतद्देशीय खासगी महाविद्यालयाहून कमी पडतो हे खरे. परंतु तेथून परत आल्यावर येथे व्यवसाय करण्यापूर्वी २००२ पासून एक चाळणी-परीक्षा द्यावी लागते, आणि २०२४ साली झालेल्या तिच्या दोन्ही परीक्षांत शंभरांपैकी तीसही उत्तीर्ण झाले नाहीत. २०२१ च्या नियमांनी अभ्यासक्रम किमान चौपन्न महिन्यांचा, इंग्रजी माध्यमाचा, आणि तेथे व येथे अशी दोनदा उमेदवारी, ह्या अटी आल्या. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा आपली हजारो मुले अभ्यास अर्धा टाकून परतली, तेही विसरण्यासारखे नाही. ज्याचा पाया बळकट आहे तो परदेशातही निभावतो. परंतु येथे काठावर राहिलेल्या मुलास तेथे पाठवून चाळणीतून तो सहज निघेल असे मानणे, हा अदमास नव्हे, नवस आहे.

राहिला तिसऱ्यांदा परीक्षा देण्याचा प्रश्न. ह्याचे उत्तर घरातील मोठ्यांना देता येत नाही. ते उत्तरपत्रिकेत असते. परीक्षा-संस्था उमेदवाराची उत्तरपत्रिका व योग्य उत्तरे दोन्ही दाखविते. आम्ही मुलीस बोलाविले. ती आली, आणि प्रथमच आमच्यासमोर बसून बोलली. १८० पैकी १७९ प्रश्न तिने सोडविले होते. १२२ बरोबर, ५७ चूक. जीवशास्त्रात नव्वदांपैकी ७४ बरोबर. रसायनशास्त्रात पंचेचाळिसांपैकी २९. पदार्थविज्ञानात पंचेचाळिसांपैकी १९ बरोबर व २५ चूक; तेथे पडलेले गुण अवघे ५१. आदल्या वर्षीही तिचा हाच विषय सर्वांत मागे होता. आमचे मत असे, की चुका उतावळेपणाच्या असतील, किंवा आजारपण, उशिरा सुरू केलेला अभ्यास असे काही कारण दाखविता येत असेल, तर आणखी एक वर्ष द्यावे. परंतु एकच विषय दोन वर्षे त्याच जागी अडून बसला असेल, तर तिसरे वर्ष त्यास हलवील असे मानावयास पुरावा लागतो. मुलगीच म्हणाली, "मला रोगी तपासावयाचे आहेत. पुन्हा वर्षभर उतरणीवरून घसरणारे ठोकळे मोजावयाचे नाहीत." हे तिने नानांसमोर म्हटले. दोन वर्षांत तिला काय हवे असे कोणी विचारले होते काय, असे आम्ही विचारणार होतो. पण नानांनी मान खाली घातली होती, तेव्हा विचारले नाही.

पसंतीक्रम भरावयाच्या दिवशी पुन्हा एकदा वाद झाला. वकीलसाहेबांचे म्हणणे, जे मिळण्याजोगे आहे ते वर घालावे. मोठी नावे वर घातली तर हातचे जाईल. ही समजूत सर्वत्र आढळते आणि ती चूक आहे. यादी लाविताना उमेदवाराचा पहिला पर्याय पाहिला जातो. तेथे जागा नसेल तर दुसरा, नसेल तर तिसरा. वरचा पर्याय मिळाला नाही म्हणून खालच्याचा हक्क कमी होत नाही. उलट, मिळण्याजोगे म्हणून वर घातलेले मिळून गेले, की त्याहून चांगल्याचा विचारच होत नाही. तेव्हा मनापासून जसे हवे तसे क्रम लावावे, आणि जेथे जावयाचेच नाही ते नाव मुळीच लिहू नये. जागा मिळूनही ती न घेतल्यास पुढील फेऱ्यांवर काय परिणाम होतो, हे मात्र त्या त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत वाचावे. हे नियम बदलत असतात.

मुलीने स्वतःच्या हाताने क्रम लाविला. परवडतील अशी खासगी एम. बी. बी. एस.ची दोन नावे वर घातली. जमीन विकावी लागेल अशी महाविद्यालये तिने घातली नाहीत, आणि ह्या बाबतीत तिने नानांचेही ऐकले नाही. आयुर्वेदाच्या पदवीचे प्रवेशही नीटच्याच क्रमांकावर होतात. त्यात तिने शासकीय महाविद्यालये क्रमाने लिहिली. त्याखाली भौतिकोपचार. दंतवैद्यक लिहिलेच नाही; का, ते तिने सांगितले नाही व आम्ही विचारले नाही.

काठावरची खासगी जागा अखेरच्या फेरीपर्यंत काठावरच राहिली व थोड्या क्रमांकांनी गेली. त्या रात्री घरात पुन्हा जमिनीचा विषय निघाला, असे आम्हांस मागाहून कळले. ह्या खेपेस तो काकूंनी काढला होता, आणि विका म्हणूनच काढला होता. मुलीने नको म्हटले. दुर्बल घटकाच्या दाखल्यावर तिला दुसऱ्या जिल्ह्यातील एका शासकीय आयुर्वेद महाविद्यालयात जागा मिळाली. ती गेली त्या दिवशी नाना बसस्थानकापर्यंत आले नाहीत. पाय दुखतात असे ते म्हणाले. सणाला ती घरी आली तेव्हा मात्र तिच्या शरीररचनेच्या वहीतील चित्रे त्यांनी दिवसभर पाहिली, आणि संध्याकाळी शेजारच्यांना बोलावून दाखविली.

नानांनी केलेली ती तीन पाने अद्याप त्यांच्या पंचांगात घडी करून ठेविलेली आहेत. वकीलसाहेबांच्या धाकट्या मुलाचा आता डॉक्टरीकडे ओढा आहे. त्याने ती पाने मागितली. नाना म्हणाले, "हे मागील सालचे आहे. वही घेऊन ये, नवीन करू."